मदत हवी आहे: अबोलीचे सुकलेले तुरे कापायचे की नाही?

वेंगुर्लेकरीण: गणपतीला दीड महिना राहिलाय आणि अबोलीने फुलणंच बंद केलंय. मे महिन्यात रोज वेणीपुरती फुलं निघायची, आता नुसते वाळके तुरे उभे आहेत. शेजारी म्हणतात कापा, सासूबाई म्हणतात पावसात कात्री लावलीस तर झाड कुजेल. गौरीला वेणी घरचीच हवी आहे मला, लवकर सांगा.

परसदार: कुंडीत की जमिनीत? ऊन किती लागतं? काहीच लिहिलं नाहीत.

माडबन: मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत करा, पानं काढा, थोडे दिवस पाणी तोडा, मार्चपासून कळ्याच कळ्या. मी दरवर्षी करतो.

परसदार: अहो, प्रश्न अबोलीचा आहे.

काकी_मालवण: आमच्याकडे कोण कापता? पाणी पडला की बोंडां तडतड फुटतत, बी पडान रोपां आपोआप येतत.

परसदार: तेच तर काकी, झाडाची ताकद बी भरण्यात जाते. तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे शेंड्याला हिरव्या कळ्या असतील तो ठेवा, पूर्ण तपकिरी झालेलाच काढा. आणि वरचा तुरा नुसता खुडू नका, दांड्यासकट खालच्या पानांच्या जोडीपर्यंत या, त्या दोन्ही पानांच्या बगलेतून फुटवे येतात, एकाचे दोन तुरे होतात.

जांभा_माती: ‘दिल्ली अबोली’ या जातीला बी धरतच नाही, फांद्या लावूनच रोपं करतात. तिथे ताकदीचा मुद्दा कुठे आला?

परसदार: फुटवे तर हवेत ना? त्यासाठी तिलाही कापायचंच.

वेंगुर्लेकरीण: सहा कुंड्या आहेत. जूनमध्ये पडवीत पत्र्याखाली आणून ठेवल्या, मुळं कुजतील म्हणून. बोंड फोडून बघितलं, आत चपट्या बिया आहेत.

परसदार: हे आधी सांगायचं! पत्र्याखाली उजेडच नाही, नुसतं कापून काय होणार? पडवीच्या कडेला आणा, कुंडीखाली विटा ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही, आणि उघडीप मिळेल त्या दिवशीच कापा. माझ्याकडे कापल्यावर फुलं यायला महिना-सव्वा महिना लागला होता, तेव्हा आता थांबू नका.

माडबन: वांदरांसाठी काय करता कोणी? माझी जास्वंदीची एक कळी ठेवत नाहीत.

वेंगुर्लेकरीण: दुपारी ऊन पडलं तेव्हा चार कुंड्या कापल्या. दोन सासूबाईंच्या शब्दाखातर तशाच ठेवल्यात.

काकी_मालवण: कापलेली बोंडां टाकू नको गो, माका ठेव.