बिघडलेला फ्लश घरी दुरुस्त केलाय का? अनुभव सांगा

मंडळी, आमच्या फ्लशच्या टाकीतून कमोडमध्ये सतत बारीक धार चालू असते. प्लंबर आला आणि झाकणही न उघडता म्हणाला, अख्खी टाकी बदला. मला काही हे पटत नाहीये. कोणी घरच्या घरी केलंय का हे काम? काय बिघडलं होतं, काय आणलं, सगळं लिहा, फजितीसकट.

———

टाकीला तडा गेला नसेल तर बदलायची कशाला? आधी अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि अर्ध्या तासाने आत बघा. पाणी उभ्या ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापाशीच थांबलेलं असेल तर दोष इनलेटचा, म्हणजे टाकी भरली तरी पाणी आत येतच राहतं आणि त्या नळीतून खाली जातं. पातळी उतरत गेली तर बुडाचं रबरी वॉशर गेलंय. आमच्याकडे यातलं पहिलं होतं, तेही फ्लोट (पाण्यावर तरंगून इनलेट बंद करणारा भाग) टाकीच्या भिंतीला घासून अडकायचा म्हणून. जरा सरकवला, स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली दोन बोटं आणली, संपलं. खर्च शून्य.

———

आमच्याकडे दुसरं, वॉशरच. दोन बटणांचा फ्लश होता, त्यातला मधला पांढरा खांब हलकेच डावीकडे फिरवला की अख्खा वर निघतो, टाकी कमोडवरून उतरवावी लागत नाही (सगळ्याच मॉडेलना असं नसतं, उगाच जोर लावू नका). वॉशर दुकान उघडेपर्यंत उलटं करून बसवलं होतं, तेवढ्यावरही गळती थांबली! नवीन आणायला जाताना जुनं बरोबर न्या, तोंडी माप सांगून सॅनिटरीवाला हमखास वेगळंच देतो.

———

संभाजीनगर, बोअरचं पाणी. एवढं लिहिलं की बाकीचं तुम्हाला कळलंच असेल. टाकी भरायलाच इतका वेळ लागायचा की सकाळी पाहुणे असले की बादलीच. इनलेट जिथे पाइपला जोडतो तिथे एक छोटीशी जाळी असते, ती क्षाराने पार बुजली होती. लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवली, सकाळी जुन्या टूथब्रशने घासली. आता दर दिवाळीच्या साफसफाईत ती पण काढतो. आमच्याकडे ॲसिड वापरा म्हणणारे बरेच आहेत, रबर खाऊन टाकतं ते, नका नादी लागू.

———

गळतंय की नाही हीच शंका असेल तर टाकीत जिलेबीचा रंग टाका, फ्लश न करता थांबा. कमोडमध्ये केशरी उतरलं की गळतंय. सासूबाईंना आधी सांगून ठेवा मात्र :)

———

मी इंग्लंडमध्ये असते. इथल्या जुन्या टाक्यांत खाली व्हॉल्व्हच नसतो, सायफन असतो, २००१ पर्यंत नियमच तसा होता. हँडल दाबलं की आतली चकती पाणी उचलून वळणाच्या पलीकडे ढकलते आणि मग सगळं आपोआप ओढलं जातं. हे असं गळत बसत नाही, पण चकतीवरचं पातळ प्लास्टिक फाटलं की हँडल पंपासारखं मारत बसायचं. नवऱ्याने जाड पॉलिथीनची पिशवी त्याच मापात कापून बसवली. प्लंबरचा नुसता येण्याचा आकडा ऐकला असतात तर तुम्हीही हेच केलं असतं.

———

अमेरिकेत फ्लॅपर असतो, रबरी झडप आणि तिला साखळी. साखळी लांब झाली की झडपेखाली अडकते आणि पाणी जात राहतं, आखूड झाली की झडप नीट बसतच नाही, थोडी ढील ठेवायची. आणि टाकीत टाकायच्या त्या क्लोरीनच्या गोळ्या टाळा, रबर वाकडं होतं.

———

भिंतीत पुरलेली टाकी असलेल्यांनी टाइल्स फोडायला माणूस बोलावू नका आधी. बटणांची प्लेट वर उचलून पुढे ओढली की निघते, बहुतेकांची तशीच असते, आत हात घालायला चौकोन असतो आणि इनलेट, वॉशर सगळं तिथूनच बाहेर येतं. पाणी बंद करायचा छोटा कॉकही आतच असतो. हात लहान असलेला माणूस शोधा, आमच्याकडे हे काम मुलीचं.