परभणीच्या ओट्याखाली थंड पेयांचा फ्रिज

प्रेषक: परभणीकर, डॅलस

नमस्कार मंडळी,

परभणीला आईबाबांच्या स्वयंपाकघराचं काम निघालंय. जुना कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइटचा होणार. आमच्या इथल्या घरात ओट्याखाली २४ इंची, काचेच्या दाराचा बिव्हरेज फ्रिज आहे. बाबा इकडे होते तेव्हा त्यांना तो फार आवडला. पाणी, ताक, सरबत सगळं नजरेसमोर. तसाच तिकडे बसवावा म्हणते. उन्हाळ्यात दारात माणूस आलं की आधी पाणी, आणि त्यापायी मोठ्या फ्रिजचं दार दिवसभर उघडझाक.

इकडून न्यावा की तिकडेच घ्यावा? गुत्तेदार रोज फोन करून विचारायलाय, "ताई, खाली जागा किती सोडू?" तेवढं माप लवकर सांगा.

प्रेषक: नांदेडचा वायरमन, ह्यूस्टन

ताई, इकडून नेऊ नका. इकडचा फ्रिज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, तिकडची वीज २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मरनं व्होल्ट उतरतील, हर्ट्झ तेच राहतील. साधा कॉम्प्रेसर मग हळू फिरतो नि तापतो. शिवाय दाराचं रबर गेलं तर ते परभणीत कुठं शोधणार?

उंचीचंही जमत नाही. इकडचा ओटा ३६ इंचांचा, म्हणून हे फ्रिज ३४ च्या आसपास असतात. आपल्याकडं ओटाच ३२-३३ इंचांचा.

तिकडं घ्याल तेव्हा काच आणि निळा दिवा मागाहून बघा, आधी आतली पाटी वाचा. तिच्यावर क्लायमेट क्लास असतो. 'एन' म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' ३८ पर्यंत, 'टी' ४३ पर्यंत. गॅस पेटलेला, वर तापलेला स्लॅब, अशा मे महिन्यातल्या स्वयंपाकघरात 'टी'च लागतो. पारा ४३ च्या वर गेला की तोही दमतो, पण 'एन'वाला तर एप्रिलातच हात टेकतो.

आणि "कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही" म्हणून जे स्वस्तात मिळतात ते उगं घेऊ नका. त्यात पेल्टियरची चकती असते, वीज दिली की तिची एक बाजू गार होते. ती खोलीपेक्षा साधारण १५ ते २० अंश खाली नेते. डॅलसच्या एसीत ठीक आहे. परभणीत खोली ४० ला गेली की बाटली २० च्या पुढंच. तेवढं तर माठही करतो.

प्रेषक: लातूरच्या काकू, एडिसन

माठाला नावं ठेवू नकोस रे. आपल्याकडची कोरडी हवा माठाचं पाणी भराभर उडवते आणि त्यानंच आतलं गार होतं. मुंबईच्या दमट हवेत हेच काम माठाला जमत नाही. बाबांना प्यायचं पाणी माठातलंच दे, घशालाही बरं.

आता फ्रिज. अगं, ओट्याखाली म्हणजे वाकणं आलं. तुझ्या आईचे गुडघे इकडे होती तेव्हाच कुरकुरत होते. तळातली बाटली काढायला ती रोज बसणार का? आणि फ्रिज बसावा म्हणून ओटा उंच करायचा विचार मनात असेल तर आधी काढून टाक. तिची उंची बघ. कणीक मळताना खांदे वर चढले की संध्याकाळी मान धरते. मशीनसाठी बाईनं टाचा वर करून स्वयंपाक करायचा हे मला पटत नाही.

दुकानदार सांगेल, एवढे कॅन मावतात म्हणून. तो हिशेब बहुतेक ३५५ मिलीच्या कॅनचा असतो. तुमच्या घरात कॅन पितं कोण? पन्ह्याची बरणी आणि ताकाचं भगुनं ठेवता येतं का ते विचार. फळ्या निघतात का ते हातानं काढून बघायला सांग. दूध मात्र त्यात नको. दुधाला ४ अंश लागतात आणि असल्या फ्रिजात दार उघडलं की पारा चढतो. बहुतेकांच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं की नासणारे पदार्थ ठेवू नका.

प्रेषक: परत आलेला, छत्रपती संभाजीनगर

अमेरिकेतलं मराठी मंडळ सुटलं, ही मेलिंग लिस्ट सुटली नाही. इथं स्वयंपाकघरांचीच कामं करतो म्हणून बोलतो.

काकूंचं ऐका. आईच्या ओट्याला हात लावू नका. जेवायच्या खोलीकडच्या भिंतीला वेगळा ओटा घ्या. खाली ८ इंचांचा पक्का कट्टा, त्यावर ८२ सेंटीमीटर उंचीचा फ्रिज, वर ग्रॅनाइट. ४२ इंचांच्या आसपास जाईल. उभ्यानं सरबत ढवळायला ही उंची बरी पडते, वाकणं कमी होतं आणि शेगडीची धगही लांब राहते.

पण खरी गोम हवेची आहे. पुढून, खालच्या जाळीतून हवा घेणारा आणि तिथूनच गरम हवा सोडणारा, असाच फ्रिज कोनाड्यात कोंबता येतो. दुकानात जे बहुतेक दिसतात त्यांची उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते. चालू असताना हात लावला की कोमट लागतं. तो तीन बाजूंनी कोंडला की कॉम्प्रेसर थांबतच नाही, बिल वाढतं आणि गार काही होत नाही. सेल्समनला "बिल्ट-इन आहे का" विचारलं तर तो हो म्हणणारच. जाळी कुठं आहे ते दाखवायला लावा.

गवंडी सवयीनं ओट्याच्या आधाराच्या उभ्या पाट्या २ फुटांवर लावतो, म्हणजे ६१ सेंटीमीटर. आतून मसाला, टाइल झाली की ५९ उरतात आणि ६० चा फ्रिज दारात उभा राहतो. म्हणून गुत्तेदाराला टाइल लावल्यावरचं मोकळं माप सांगा, लिहूनच द्या.

काचेबद्दल. दुहेरी काच घ्या. बाहेर कितीही कोरडं असो, घरात वाळ्याचा कूलर चालू असतो आणि त्याच्या ओल्या झोतात साध्या काचेला घाम सुटतो, खाली पाणी साचतं. पावसाळ्यात तर विचारूच नका.

माझं मत विचाराल तर ९०-१०० लिटरचा एका दाराचा, बंद दाराचा साधा फ्रिज घ्या, मोकळ्या जागेत ठेवा. बंद दार गारवा जास्त धरतं, किंमत कमी, आणि परभणीत कोणीही मेकॅनिक दुरुस्त करतो.

प्रेषक: परभणीकर, डॅलस

बंद दाराचं बाबांना सांगून बघितलं. म्हणायलेत, "आत काय आहे ते दिसणारच नसेल तर मोठा फ्रिज आहेच की." तेव्हा काच नक्की, पण 'टी' क्लास, पुढच्या जाळीचा आणि तिकडचाच.

वेगळा ओटा आईला इतका पटला की त्यावर मिक्सर कुठं ठेवायचा हेही तिनं ठरवलं. गुत्तेदाराला माप कळवलंय: टाइल झाल्यावर रुंदी ६३, उंची ८४, खोली ६५ सेंटीमीटर. वरचं ग्रॅनाइट फ्रिज बसल्यावरच पक्कं करायचं. फ्रिज आधी घेऊन, पुस्तिकेतलं माप बघून मगच पाट्या लावा, असंही सांगितलंय. त्यावर तो थोडा रुसलाय.

प्रेषक: नांदेडचा वायरमन, ह्यूस्टन

रुसू द्या. त्याला अजून एक सांगायचं राहिलं. पिनचा बोर्ड फ्रिजच्या मागं नको, शेजारच्या कप्प्यात घ्या. मागं घेतला तर प्लग काढायला दर वेळी फ्रिज ओढावा लागतो, आणि प्लगच्या जाडीनं तो कोनाड्यातून दोन बोटं पुढं येतो. अर्थिंग तपासून घ्या. लाईट जाऊन लगेच आली की कॉम्प्रेसरवर ताण येतो, म्हणून तीन मिनिटं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझर लावा. तो वरच्या फळीवर ठेवा, फरशीवर नको, पोछा मारताना पाणी जातं.

वायरीसाठी पाटीला भोक पाडतील तिथं बारीक जाळी मारायला सांगा. उन्हाळ्यात गारव्याला उंदीरही येतात आणि वायरीचं रबर त्यांना लई आवडतं.