मदत हवी आहे: उंची ५ फूट ३ इंच, बजेट २० हजार, पहिली जुनी रोड बाईक कोणती घेऊ? (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याला राहते. घरातल्या साध्या लेडीज सायकलवरून सकाळी फर्मागुडी, मंगेशी, म्हार्दोळपर्यंत जाऊन येते. कधी वेळ मिळाला तर बाणस्तारीचा पूल ओलांडून जुन्या गोव्यापर्यंत. आता रोड बाईक घ्यायचं पक्कं केलं आहे. एकदा तरी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) पुरी करायची मनापासून इच्छा आहे. त्याला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे खाणंपिणं, पंक्चर सगळं धरून ताशी १५ च्या आसपास. सपाटीवर हा वेग मला आजही जमतो, पण फोंड्यातून कुठल्याही बाजूला निघालं तरी चढ काही सुटत नाही आणि तिथे माझी सायकल आणि मी दोघीही अडकतो.

बजेट एकूण २० हजार. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, कुलूप हे सगळं त्यातच बसवायचं आहे, म्हणजे सायकलीला फार तर १५-१६ हजार. नवीन घ्यायला आणखी पैसे जमवायचे तर पुढची चवथ उजाडेल. नुकताच पाऊस ओसरला आहे, सायकल चालवायचे खरे महिने आता सुरू होतात, ते वाया घालवायचे नाहीत.

तीन सायकली समोर आहेत. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही, विकणारी माणसं इथलीच आहेत.

पहिली म्हापशाला. ॲल्युमिनियम फ्रेम, स्मॉल साइज, पुढे एकच ४४ दातांची चकती, मागे ७ गिअर, त्यातलं सर्वांत मोठं २८ दातांचं. किंमत साडेचौदा हजार सांगताहेत. गिअरचा खटका ब्रेकच्या मुठीत नाही, हँडलच्या मधल्या भागात आहे. बिल आहे म्हणाले.

दुसरी दोनापावलाला. हिच्यावरच जीव जडला आहे. शिमानो कंपनीचे सोरा गिअर, मागे ९, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या, पुढच्या चाकाचा चिमटा कार्बनचा. सांगितले २१ हजार, पण १८ पर्यंत येतील असं वाटतं. फ्रेम ५४ सेंटिमीटरची. विकणारे म्हणतात, "सीट खाली घेतली की तुम्हाला बसेल." सायकल समुद्राकडच्या बाल्कनीत उभी असते. फोटोत बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू नारिंगी झालेले दिसतात.

तिसरी शिवोलीला. जुनी पोलादी, युरोपातून कुणी आणलेली, गिअरचे खटके खालच्या तिरक्या नळीवर. दिसायला इतकी देखणी की रस्त्यावर माणसं वळून बघतील. ९ हजार. टायरवर २७ इंच लिहिलं आहे.

माझी अडचण अशी की माझ्या उंचीच्या सायकली विकायला येतच नाहीत. ज्या चांगल्या असतात त्या सगळ्या पावणेसहा फुटी पुरुषांच्या. मग कमी-जास्त साइज चालवून घ्यायची आणि चांगले गिअर पदरात पाडायचे, की मापाची घेऊन हलक्या गिअरवर भागवायचं? आणि बघायला जाईन तेव्हा नेमकं काय तपासू? सोबत मेकॅनिक नेणं शक्य नाही, मी आणि धाकटा भाऊ असे दोघेच जाणार आहोत. ज्यांनी इथल्या खाऱ्या हवेत सायकल सांभाळली आहे त्यांनी जरूर लिहावं.

प्रतिसाद १

ताई, दोनापावलाची सोडून द्या. सोरा चांगला ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) आहे यात वाद नाही, पण ५४ ची फ्रेम तुमच्या उंचीला मोठी पडणार. साधारण ४८ ते ५० च्या आसपास बघायला हवं. कंपनीगणिक मापं बदलतात, म्हणून त्या त्या मॉडेलचा चार्ट बघाच. सीट खाली घेतल्याने पाय पोचतील, हात पोचणार नाहीत. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमने ठरतं. स्टेम, म्हणजे हँडल धरणारी पुढची दांडी, आखूड करून एखाद-दोन सेंटिमीटर मिळतात, त्यापुढे सायकल वळवताना विचित्र वागायला लागते. तासाभराच्या फेरीत काही कळत नाही. चार तासांनी मान, खांदे आणि तळहात बोलायला लागतात, आणि बीआरएम म्हणजे दिवसभराचं काम.

म्हापशाची बघायला जाल तेव्हा आधी दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभ्या राहा, मध्ये थोडी तरी मोकळी जागा उरली पाहिजे. मग ब्रेकच्या मुठीवर हात ठेवून बसा. कोपर किंचित वाकलेलं राहिलं तर ठीक. तुमचे हात लहान असतील तर बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोचतात का ते खास बघा. बऱ्याच लिव्हरना अंतर कमी करायचा बारीक स्क्रू असतो. फर्मागुडीचा उतार उतरताना ही गोष्ट गिअरपेक्षा महत्त्वाची ठरते.

लहान फ्रेमला आणखी एक गोष्ट होते. पायडल पुढे असताना चाक पूर्ण वळवलं तर बुटाचं टोक चाकाला घासतं. वेगात चाक तेवढं वळतच नाही, त्यामुळे भीती नाही, पण यू टर्न घेताना सवय होईपर्यंत सांभाळा.

प्रतिसाद २

मी वास्कोचा, सायकलीची कामं घरीच करतो. खाऱ्या हवेचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

इथे सायकल वरवर चकचकीत दिसते आणि आतून गंजाने धरलेली असते. पहिली परीक्षा सीटपोस्टची. ॲलन की सोबत न्या, क्लॅम्प सैल करा आणि सीट वर-खाली करून बघा. टेस्ट राइडसाठी तुम्हाला ती तुमच्या उंचीला आणायचीच आहे, त्यामुळे विकणाऱ्याला वावगं वाटायचं कारण नाही. वर्षानुवर्षं ग्रीस न लावता ठेवलेली असेल तर सीटपोस्ट फ्रेमच्या नळीत गंजून घट्ट चिकटते. सीट धरून दोघांनी पिळली तरी हलत नाही. तेल सोडून दोन दिवस ठेवल्यावर कधी सुटते, कधी कापूनच काढावी लागते. हलली नाही तर किंमत कितीही उतरली तरी घरी परत या.

दुसरं, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलखाली टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे किंवा छर्रे गेले आहेत. मग पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा. बरोबर मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग बदलायचं. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवा, खेळ असेल तर बीबीचं, म्हणजे क्रँकच्या मधल्या बेअरिंगचं, काम निघतं. चाकं फिरवून रिम आणि ब्रेकच्या रबरामधली फट बघत राहा. चाक डोलत असेल, म्हणजे थोडा आऊट असेल, तर काढता येतो, पण स्पोकच्या निपलवर (रिमकडच्या छोट्या नटावर) पांढरी पूड धरली असेल तर आऊट काढतानाच निपल तुटतात. रिम ब्रेकची असेल तर रबर घासतं त्या पट्टीवर बोट फिरवा. खोलगट लागली तर रिम झिजली आहे, आणि चाकाचा खर्च तुमच्या बजेटला पेलणारा नाही.

चेनसाठी भावाला इंचाची स्टीलची पट्टी घेऊन यायला सांगा. चेन ताणून एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश गेला असेल तर बहुधा मागचे गिअरही गेले.

फ्रेमवर एकच जागा बारकाईने बघा. हँडलखालून जी तिरकी नळी निघते तिची खालची बाजू, अगदी जोडाजवळ. तिथे रंगाला सुरकुत्या किंवा बारीक चीर दिसली तर सायकल समोरून जोरात आपटलेली आहे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरला की लगेच दिसतं.

केबल, हँडलची टेप, ब्रेकची रबरं यांना घाबरू नका, ही कामं स्वस्तात होतात.

प्रतिसाद ३

शिवोलीच्या सायकलीबद्दल. २७ इंच आणि हल्लीचं ७०० सी ऐकायला सारखं वाटतं, पण रिमचा व्यास पहिल्याचा ६३० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२२. टायर एकमेकांना बसत नाहीत. चोर्ल्याच्या वाटेवर टायर फाटला तर गोव्यातल्या कुठल्या दुकानात तो मिळणार? शिवाय जुन्या युरोपीय फ्रेमच्या बीबीचे आटे देशागणिक वेगळे. ही सायकल ज्याच्याकडे आधीच दुसरी चालती सायकल आहे त्याने हौसेने घ्यावी. पहिली म्हणून नको.

आणि ताई, गिअरचा हिशोबही करून ठेवा. ४४ ला २८ ने भागा, दीडपेक्षा थोडं जास्त येतं, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक तेवढ्या फेऱ्या फिरणार. दोनापावलाच्या सायकलीत पुढे ३४ आहे, मागे ३२ असेल तर तोच आकडा एकच्या किंचित वर. आकडा जितका लहान तितका चढ सोपा, हा फरक मांड्यांना कळतो. म्हापशाची घेतलीत तर मागे १४-३४ चं ७ गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसतं का ते बघा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढे दात झेपवणारा हवा, ते मेकॅनिक बघून सांगेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल म्हापशाला जाऊन आलो. दोनापावलाच्या सायकलीचा नाद सोडला, जड गेलं, पण हात पोचत नाहीत हे वाक्य डोक्यातून जाईना.

सीटपोस्ट पहिल्याच प्रयत्नात हलली, आत जुनं ग्रीसही दिसलं. सायकल घरात, हॉलमध्ये ठेवलेली होती. चेन सोळांशाच्या थोडी पुढे, अष्टमांशाच्या अलीकडे. तिरक्या नळीखाली रंग गुळगुळीत. पुढच्या चाकाला आऊट आहे, पण निपल स्वच्छ आहेत. ब्रेकच्या लिव्हरचा स्क्रू फिरवल्यावर बोटं आरामात पोचली. मागच्या टायरच्या बाजूला मात्र बारीक चिरा पडल्या आहेत. बिल दाखवलं, बीबीखालचा फ्रेम नंबर जुळला. बसल्यावर कोपर वाकलेलं राहिलं. म्हापशाच्या गर्दीतून बाहेर पडून थोडी पुढे नेली आणि पहिल्यांदाच असं वाटलं की सायकल माझ्या मापाची आहे.

चेन आणि टायरचं बोलल्यावर ते १३ हजारांवर आले. आणखी खाली मागावं का? आणि टायर २५ मिलिमीटर रुंदीचे आहेत, बदलायचेच तर २८ किंवा ३२ घालू का? आमच्याकडे पावसाने रस्त्यांची चाळण केली आहे.

प्रतिसाद २

१३ योग्य आहे, पण दोन्ही टायर आणि चेनचा अंदाज दुकानात विचारून घ्या आणि तो पुढे ठेवून शांतपणे साडेबारा मागा. नाही म्हणाले तरी घ्या, तुमच्या मापाची पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. पैसे देताना साध्या कागदावर फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि त्यांची सही घ्या, मूळ बिलही सोबत घ्या.

टायरसाठी ब्रेकखालची आणि चिमट्याच्या आतली फट मोजा. दोन्ही बाजूंना निदान चार मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत, चिखल अडकतो. २८ बसले तर तेच घाला, हवा २५ पेक्षा थोडी कमी भरता येते आणि खड्ड्यांत हात कमी हादरतात. ३२ बसले तर आणखी उत्तम. टायर काढाल तेव्हा रिमच्या आतली टेप सरकलेली नाही ना ते बघा, स्पोकच्या भोकांच्या कडांनी ट्यूब आतून फाटते. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा प्रकारचा असेल तर पंप त्याला बसणारा घ्या, पेट्रोल पंपावर ॲडॅप्टरशिवाय हवा भरता येत नाही. आणि घरी आणल्यावर सर्वांत आधी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढून पुसा, नवीन ग्रीस लावा, मग परत बसवा. बाटलीच्या पिंजऱ्याच्या स्क्रूंनाही तेच करा.