मदत हवी आहे: एमजीबी आणि ॲम्बॅसडर यांच्या इंजिनांची तुलना

इंग्लंडमध्ये माझ्याकडे १९६७ ची एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे आणि साताऱ्याच्या घरी वडिलांची जुनी पेट्रोल ॲम्बॅसडर उभी आहे. दोन्ही गाड्या चालत्या राहाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. एक वेगासाठी घडवलेली आणि दुसरी सहा माणसे सामानासकट नेणारी असली, तरी दोघींची इंजिने बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीच्या) बी-सिरीज कुळातील आहेत. दोन्हींत पिस्टनची धाव ८८.९ मिमी आहे. मात्र ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनाचे सिलिंडर सुमारे ७३ मिमी व्यासाचे, तर एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाचे सुमारे ८०.३ मिमी आहेत. शिवाय एमजीबीच्या क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) १९६४ च्या अखेरीपासून तीनऐवजी पाच मुख्य बेअरिंग्ज आली, म्हणून पिस्टन किंवा क्रँकशाफ्टच्या अदलाबदलीचा प्रश्नच येत नाही.

व्हॉल्व्ह, टॅपेट, वॉटर पंप यांसारखे भाग मात्र इंग्लंडमधून आणून ॲम्बॅसडरला बसवता येतील का, हे ज्यांनी स्वतः काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे. शिसेविरहित पेट्रोलमुळे जुन्या सिलिंडर हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो त्या कडा) झिजतात, म्हणून कठीण सीट बसवून देणारा जाणकार कारागीर सातारा, पुणे किंवा कोल्हापूर परिसरात कोणाला माहीत आहे का?