ठाणे जिल्ह्यातले शेवटचे तीन गड: क्रम काय ठेवावा?

कळवेकर: माहुली, मलंगगड, मच्छिंद्रगड उरलेत. आधी कोणता करू?

सह्यवाट: माहुली. आसनगावहून रिक्षाने पायथा, पहाटेच चढाई सुरू. माणशी ३-४ लिटर पाणी. माथ्याआधी शिडी लागते. माहुलीचेच भाग असलेले पळसगड, भंडारगड पाहिल्याशिवाय माहुली पूर्ण झाली म्हणू नका!

दोरवाला: मलंगगडाच्या वरच्या टप्प्यात पायऱ्या तुटल्यात, पाइपवरून आडवं जावं लागतं. हार्नेसला (कमरेला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याला) दोन स्लिंग (दोराला अडकवायच्या छोट्या पट्ट्या) हव्यात. दुसरी अडकवल्याशिवाय पहिली सोडायची नाही.

मुरबाडकर: मच्छिंद्रगड शेवटी, कोरड्या दिवसांतच. सुळक्यावर सुटे दगड आहेत, म्हणून खालच्यांनी चढणाऱ्याच्या सरळ रेषेत थांबू नये. हेल्मेट सगळ्यांना. शेजारच्या गोरखगडाला कोरीव पायऱ्या आहेत, पण पावसात त्याही निसरड्या.