मदत हवी आहे: जहाजावर घड्याळ रोज मागे, इन्सुलिनची वेळ कशी सांभाळायची?

सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला 'क्वीन मेरी 2'ने जातोय. सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे करतात, म्हणजे पाच दिवस चक्क 25 तासांचे! (आई खूश, झोप जास्त.) अडचण बाबांची. ते रात्री 10 वाजता दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन घेतात. डॉक्टरांनी दिलेला तक्ता विमानप्रवासाचा आहे, त्यात पाच तास एकदम बदलतात. पुढच्या भेटीत त्यांना विचारणारच आहे, त्याआधी अनुभव हवेत. दोन्ही व्हिसा झालेत, शाकाहारी जेवणाचं कळवलंय, केबिनमध्ये फ्रीज आहे. इन्सुलिन घेणाऱ्या कुणासोबत हा प्रवास केला असेल, तर डोस रोज तासभर सरकवलात की उतरेपर्यंत इंग्लंडच्याच वेळेवर ठेवलात?