आई थॅलेसेमियाची वाहक निघाली, तर पुढच्या तपासण्या कोणत्या क्रमाने?

प्रश्न : गरोदरपणाचा ९ वा आठवडा. आईचा एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६४, एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.२ टक्के. अशा वेळी डॉक्टर पुढे कसे जातात? एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची चाचणी) केली की बाळाचं कळत नाही का?

उत्तर १ : आधी वडिलांचं रक्त, आणि तेही आजच. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी दोन्ही एकदमच पाठवा. एचबीए२ ३.५ च्या वर आणि एमसीव्ही ८० च्या खाली, म्हणजे आई बीटा थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) वाहक, तिच्यात सदोष जनुकाची एकच प्रत आहे. ती स्वतः आजारी नाही. वडिलांच्या रिपोर्टमध्ये थॅलेसेमिया नसून सिकल किंवा एचबी-ई (हिमोग्लोबिनचे सदोष प्रकार) दिसलं, तरी जोडी धोक्याचीच. दोघेही वाहक असले तर बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि ती प्रत्येक गरोदरपणात तेवढीच. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून कमी होत नाही.

उत्तर २ : वरच्यात एक भर. वडिलांचा एचबीए२ ३.३ आणि एमसीव्ही ७० आला, तर कृपा करून ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देऊ नका. लोह कमी असलं की एचबीए२ खाली येतो आणि वाहकपणा झाकला जातो. एरवी लोहाच्या गोळ्या देऊन पुन्हा तपासता येतं. इथे तेवढी सवड नाही, सरळ बीटा ग्लोबिन जनुकाची डीएनए तपासणी करावी. अलीकडे रक्त चढवलं असेल, तर एचपीएलसीवर विसंबू नये.

उत्तर ३ : नेहमीची एनआयपीटी डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांच्या संख्येतले दोष चाळते. थॅलेसेमिया ही एकाच जनुकातली चूक, ती त्यात दिसत नाही. त्यासाठी ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस, म्हणजे वारेचा बारीक तुकडा, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल. पण सुई घालण्याआधी आईवडील दोघांचं म्युटेशन (जनुकातला नेमका बदल) हातात हवं, नाहीतर लॅबने बाळात शोधायचं काय? सगळी घाई त्यासाठीच.

प्रश्नकर्ता : सीव्हीएसचा रिपोर्ट चुकू शकतो?

उत्तर ३ : हो, आईच्या पेशी मिसळल्या तर. आईचं निरोगी जनुक नमुन्यात शिरलं की आजारी बाळ नुसतं वाहक भासतं. म्हणून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली साफ करतात आणि आईचा डीएनए शेजारी लावून ताडून बघतात. रिपोर्टमध्ये ‘मॅटर्नल कंटॅमिनेशन नाही’ (आईच्या पेशींची भेसळ नाही) ही ओळ नसेल, तर लॅबला विचाराच. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर सुईनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवणार नाही.